बुलढाण्याचं शालेय नाटक: दुसरा प्रयोग कुठे अडतो?

डिसेंबर उजाडला की बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये नाटकाचा हंगाम सुरू होतो. ग्यादरिंगची तारीख फळ्यावर लागते. पाठोपाठ 3 जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, 12 जानेवारीचा सिंदखेड राजाचा जिजाऊ जन्मोत्सव आणि 26 जानेवारी. त्याच्या आगेमागे विज्ञान नाट्योत्सव, कला उत्सव आणि राज्य शासनाची बालनाट्य स्पर्धा. व्यावसायिक नाटकाची गाडी इकडे क्वचितच वाट वाकडी करते. त्यामुळे इथल्या बहुतेक पोरांनी पाहिलेलं पहिलं नाटक शाळेचंच असतं आणि अनेकांच्या बाबतीत शेवटचंही तेच. म्हणूनच 'मुलांनी छान केलं' म्हणून पाठ थोपटून मोकळं होण्यापेक्षा या नाटकाकडे नाटक म्हणून बघायला हवं.

तसं बघितलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. यातलं जवळजवळ प्रत्येक नाटक एकदाच होतं. तालमी, प्रयोग, ढाल, शाळेच्या ग्रुपवर फोटो; विषय संपला. फिरतं ते पथनाट्य, पण ते बसवायला कुणाला वेळ नसतो. स्पर्धेचं नाटक मात्र घासूनपुसून बसवलेलं असतं, पण ते जागचं हलत नाही. जिल्ह्यातल्या शालेय रंगभूमीचं खरं दुखणं या दोहोंमधल्या दरीत आहे, असं माझं मत आहे.

आधी ग्यादरिंग. मांडवाच्या तोंडाशी डीजेवाल्याचं टेबल, त्यावर पेनड्राइव्ह लावलेला मिक्सर. नाटिका सुरू होते आणि आवाज येतो तो पोरांचा नव्हे, मोबाइलवरून उतरवून घेतलेल्या फाइलचा. रंगमंचावरचा अफजलखान ओठ हलवतो, दाढीला एक हात लावून ठेवतो, कारण डिंक सुटत आलेला असतो. फाइलमधला खान मात्र एखाद्या मुरलेल्या नटाच्या आवाजात गरजतो. मध्येच वीज जाते. जनरेटर सुरू होईपर्यंत सातवीतला खान आणि सातवीतले महाराज एकमेकांकडे बघत उभे राहतात, कारण दोघांनाही स्वतःचं एकही वाक्य पाठ नसतं. हा प्रकार वाढायला सबळ कारण आहे. मांडवात माइक दोनच असतात, तेही पुढे रोवलेले, आणि समोर हजारभर गावकरी, लहान लेकरं, पुंग्या, फुगेवाले. आवाज पोचणार कसा, या रास्त प्रश्नावर शिक्षकांनी काढलेली ही तोड आहे. पण तोडीनं मूळ वस्तूच गेली. मुलाला चार माणसांत आवाज उचलून बोलता यावं हा शाळेत नाटक करण्याचा पहिला लाभ, आणि तोच आपण पेनड्राइव्हच्या हवाली केला आहे.

दुसरा प्रकार जयंतीच्या एकपात्रीचा. ज्या जिल्ह्यात जिजाऊंचं माहेर आहे तिथे 'मी जिजाऊ बोलतेय' गावोगाव होणार, हे ओघानंच आलं. नऊवारी, चंद्रकोर, हातात लाकडी तलवार आणि तोंडी पाठ केलेलं चरित्र. या संहितांत बाई स्वतःची जन्मतारीख सांगते, कर्तृत्वाची यादी वाचते आणि शेवटी प्रेक्षकांना उपदेश करते. तिला कसलीही अडचण नाही, भीती नाही, निर्णय घेण्याची घालमेल नाही. सुषमा देशपांडे यांनी 1989 मध्ये 'व्हय, मी सावित्रीबाई' उभं केलं आणि ते वाड्यावस्त्यांवर नेलं, तेव्हा समोरच्या बायकांशी बोलणारी एक जितीजागती बाई त्यात होती. आपल्या शाळांनी त्या प्रयोगाचं लुगडं तेवढं उचललं, संवाद मागेच राहिला. तरी या प्रकाराचं एक श्रेय नाकारता येत नाही. ज्या घरांतून मुलीला रंगमंचावर पाठवायला कुरकुर होते, तिथून जिजाऊ आणि सावित्रीबाई होण्यासाठी मात्र विनाखळखळ परवानगी मिळते. आता तिच्या हाती बरी संहिता देणं एवढंच उरतं.

कसब दिसतं ते स्पर्धेच्या नाटकात. विज्ञान नाट्योत्सवाचा नियम आठ मुलं आणि अर्ध्या तासाचा. या चौकटीनं अनेक शिक्षकांना नाटक लिहायला शिकवलं, हे मान्य करायला हवं. आठच मुलं असली की पोत्यानं पात्रं भरता येत नाहीत. एकाच मुलाला झाड, डॉक्टर आणि सरपंच व्हावं लागतं, आणि तिथून खरी नाट्यबुद्धी सुरू होते. पण तालुक्यावरून जिल्हा आणि जिल्ह्यावरून विभाग अशी पायरी चढताना नाटक परीक्षकाकडे तोंड करून उभं राहायला लागतं. काळे कपडे, कमरेला रंगीत ओढणी, कोरस, मधूनमधून 'फ्रीज', आणि अंगांनी रचलेल्या आकृत्या: कधी विहीर, कधी रॉकेट, कधी विषाणू. कथा बहुधा ठरलेली. पोर आजारी पडतं, आई बुवाकडे नेते, बुवा अंगारा देतो, विज्ञानाचे सर येतात, बुवा उघडा पडतो. बुवाला एवढं मूर्ख करून ठेवलेलं असतं की त्याच्याकडे कुणी जाईलच का, असा प्रश्न पडतो. गावातला खरा बुवा गोड बोलतो, रात्री-अपरात्री उपलब्ध असतो आणि सरकारी दवाखान्यासारखा तालुक्याला पाठवत नाही. हे ज्या संहितेत येईल ते नाटक विज्ञानाचंही होईल आणि माणसांचंही.

बालनाट्य स्पर्धेसाठी संघ अकोला-अमरावतीसारख्या केंद्रांवर जातात. तिथलं सादरीकरण ग्यादरिंगपेक्षा कितीतरी वरचढ असतं. प्रकाशयोजना असते, नेपथ्य असतं, मुलांचे आवाज मोकळे असतात. मात्र ही नाटकं गावात परत आल्यावर दिसत नाहीत. ज्या गावाच्या वर्गणीतून नेपथ्याचा टेम्पो गेला, त्या गावानं ते नाटक पाहिलेलंच नसतं. 'नंबर आला का?' एवढंच विचारलं जातं, कारण विचारण्यासारखं दुसरं काही गावापुढे ठेवलेलं नसतं.

आता फिरत्या नाटकाकडे वळू. जिल्ह्यात शाळा-महाविद्यालयांचं नाटक फिरतं ते पथनाट्य म्हणून. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात, मतदार जागृतीत, स्वच्छतेच्या आणि पाण्याच्या मोहिमांत डफ वाजतो, पारापाशी गोल होतो, पोरं ओरडतात. यामागे मोठी परंपरा आहे. राष्ट्र सेवा दलाची कलापथकं, आंबेडकरी जलसे, नव्वदच्या दशकातले साक्षरतेचे कलाजथे. त्या साक्षरता मोहिमेत गुरुजी, कागदपत्रं आणि आकडे यांचा जो फार्स झाला, तो याच जिल्ह्यातल्या रमेश इंगळे उत्रादकर यांनी 'निशाणी डावा अंगठा'मध्ये असा रंगवला की हसता हसता जीभ चावली जावी. आजच्या पथनाट्यवाल्यांनी ती कादंबरी वाचायला हवी. कारण दोष तोच आहे. विषय वरून परिपत्रकानं येतो, दोन दिवसांत नाटक बसतं, शेवटी घोषणा होते, फोटो अहवालाला जोडला जातो. दारूबंदीच्या पथनाट्यात दारूडा झोकांड्या खातो, पारावरची माणसं हसतात, आणि त्यातली काही संध्याकाळी त्याच वाटेनं जातात. नाटक त्यांच्याशी बोललंच नाही, वरून बोललं.

पण या धावपळीच्या पथनाट्याला एक गोष्ट मिळते, जी स्पर्धेच्या नाटकाला कधीच मिळत नाही: प्रेक्षक बदलतो. पहिल्या गावात पडलेलं वाक्य दुसऱ्या गावात पोरं आपोआप गाळतात. कुठे हशा येतो हे कळलं की तिथे थांबायला शिकतात. म्हातारी मध्येच उत्तर देते, तेव्हा तिला सामावून घ्यावं लागतं. चौथ्या गावापर्यंत मुलगा नट व्हायला लागलेला असतो, आणि तेवढ्यात शिबिर संपतं.

विद्यार्थ्यांचं नाटक फिरलं तर काय घडू शकतं याची साक्ष शेजारीच आहे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीस यांनी लिहिलेलं 'युगयात्रा' 1955 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसमोर झालं आणि 1956 च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरात अफाट जनसमुदायापुढे. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना आज या नाटकाचं नाव आधी घेतात. महाविद्यालयाच्या सभागृहातच ते थांबलं असतं, तर त्याचं स्नेहसंमेलन झालं असतं.

आपल्या जिल्ह्यालाही फिरत्या नाटकाचं नातं नवं नाही. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा 1870 मध्ये आला तो कापसासाठी. कापसाच्या पैशावर वऱ्हाडात नाटक कंपन्यांचे मुक्काम पडू लागले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं बालपण बुलढाण्यात गेलं आणि पुढे त्यांनी खामगाव आणि जळगाव जामोदला वकिली केली. सातपुड्याच्या पायथ्याशी दावे चालवणाऱ्या या वकिलाची नाटकं, 1896 च्या 'वीरतनय'पासून, कंपन्यांनी महाराष्ट्रभर नेली. खामगावात त्यांच्या नावाचं स्मारक मंदिर आहे, बुलढाण्यात गर्दे वाचनालयाचं सभागृह आहे. पूर्व विदर्भात झाडीपट्टी रंगभूमीनं गावोगावच्या रात्री नाटकानं भरून टाकल्या आणि त्यावर पोट भरणारे कलावंत उभे केले. आपल्याकडे तसा धंदा उभा राहिला नाही. त्यामुळे इथे नाटक टिकवायचं तर ती जबाबदारी फिरून शाळेवरच येते.

भाषेची गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. हा जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा विभागलेला आणि अनेक बोलींचा. खामगाव-शेगावकडे 'मले', 'तुले', 'कायले'. देऊळगाव राजा-सिंदखेड राजाच्या बाजूला मराठवाड्याची वळणं. मलकापूरला खानदेशाचा वारा. जळगाव जामोद, संग्रामपूरच्या आदिवासी वस्त्यांत आणखी निराळं बोलणं. शाळेच्या नाटकात मात्र आई, वडील, डॉक्टर, कलेक्टर सगळे पुस्तकातलं बोलतात. वऱ्हाडी बोलतो तो गडी, दारूडा किंवा विनोदी मामा. घरी जी भाषा बोलतो ती हसण्याची असते, हे मुलगा नाटकातून शिकतो. यापरता वाईट धडा कुठला? सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो या मातीतल्या शेतकरी घराच्या दुःखासाठी, आणि त्या दुःखाला इथली बोली आहे. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांचं 'मेड इन इंडिया' वाचलं की वऱ्हाडी किती तिरकस आणि किती धारदार चालते ते कळतं. आपल्या नववीतल्या मुलीला वऱ्हाडीत रडायला, चिडायला, वाद घालायला लावणारं नाटक शाळेनं एकदा बसवून पाहावं. माइकची गरज निम्म्यानं कमी होईल.

अडचणी खऱ्या आहेत, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बाहेरगावच्या मुली मानव विकासच्या बसनं येतात. बस सुटली की तालीम संपली. म्हणून मुख्य भूमिका गावातल्याच पोरांकडे जातात. शिक्षण हक्क कायद्यानं शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळेला कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितला, पण नाटक शिकलेला माणूस त्या जागेवर विरळाच. चित्रकलेला एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी घराघरांत मान मिळवून दिला. नाटकातल्या मुलाला तशी सोपी शिडी नाही. आणि सगळ्यांत मोठी अडचण बदलीची. शाळेचा नाट्यविभाग म्हणजे एक वेडा शिक्षक. त्याची बदली झाली की विभागही बदलून जातो. संहिता त्याच्या पिशवीत, चाली त्याच्या डोक्यात.

यावर उपाय मोठ्या अनुदानाचा नाही. मुंबईत छबिलदास शाळेत शिकवणाऱ्या सुलभा देशपांडे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आविष्कार' ही नाट्यसंस्था उभी केली, आणि 1974 पासून त्याच शाळेच्या साध्या सभागृहात मराठी प्रायोगिक नाटकाची एक चळवळ वाढली. त्यांच्या मुलांच्या विभागाचं, म्हणजे चंद्रशाळेचं, 'दुर्गा झाली गौरी' हे नाटक वर्षानुवर्षं चाललं. मुलं मोठी होऊन बाहेर पडत गेली, नवी येत गेली, नाटक तेच राहिलं. आपल्याला नेमकं हेच घेण्यासारखं आहे. दरवर्षी नवा विषय शोधण्याऐवजी शाळेनं एक नाटक स्वतःचं म्हणून ठेवावं. दहावीच्या मुलांनी ते आठवीच्या मुलांना शिकवावं. वहीत हालचालींसकट संहिता उतरवून ती कपाटात राहावी. म्हणजे सरांची बदली झाली तरी नाटक शाळेतच राहील.

फिरण्यासाठीही नवी यंत्रणा नको. जिल्हा परिषदेच्या शाळांना केंद्रांची रचना आहेच. स्पर्धेचं नाटक बसलं की आधी केंद्रातल्या चार-पाच शाळांच्या पटांगणात, दिवसाउजेडी, माइकशिवाय करावं, आणि मगच स्पर्धेला न्यावं. नेपथ्य एका रिक्षात मावेल एवढंच असावं, म्हणजे एसटीच्या टपाची आणि टेम्पोच्या भाड्याची चिंता उरत नाही. दुपारच्या सुट्टीनंतरचे दोन तास घेतले तर बसच्या वेळेचा प्रश्नही सुटतो आणि बाहेरगावच्या मुलीला मुख्य भूमिका मिळते. एवढं केल्यावर स्पर्धेतली बांधणी आणि पारावरचा जिवंतपणा एकाच नाटकात येण्याची शक्यता आहे. परीक्षकांनी आणि शिक्षण खात्यानंही गुणपत्रिकेत एक रकाना वाढवावा: स्पर्धेआधी प्रयोग किती आणि कुठे झाले. त्या रकान्याला दहा गुण ठेवले, तर पुढच्याच हंगामात घाटावरची नाटकं घाटाखाली उतरताना दिसतील.