चुकलेले दार

वकिलाच्या कचेरीत अशील येतो तो कागद घेऊन. पण थोड्याच वेळात कागद बाजूला राहतो आणि माणूस बोलू लागतो. त्यातले किती ऐकावयाचे आणि किती ऐकूनही न ऐकल्यासारखे करावयाचे, हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. पात्रिस लकोंत ह्या फ्रेंच दिग्दर्शकाचा २००४ सालचा ‘कॉन्फिदांस त्रो अँतीम’ हा चित्रपट पाहताना ही जुनीच अडचण मला नव्याने जाणवली. ‘फार आतल्या गोष्टी’ असा त्या नावाचा अर्थ करता येईल.

कथाबीज लहान आहे. आन्ना ही पॅरिसमधील विवाहिता मनोवैद्याकडे जावयास निघते आणि चुकून विल्यम फाबेर ह्या करसल्लागाराच्या दारात शिरते. बसताक्षणी ती आपल्या संसाराची व्यथा सांगू लागते. तिच्या बोलण्याच्या ओघात त्याला तिची चूक सांगता येत नाही. पुढे सांगता येण्याजोगे असते तेव्हा धैर्य होत नाही. विल्यम वडिलांच्याच घरात राहतो, वडिलांचीच कचेरी चालवितो. चिटणीस बाईसुद्धा वडिलांच्या वेळच्या. अशा मनुष्याच्या खोलीत एक परकी स्त्री आपले अंतरंग ठेवून जाते, आणि तो जणू जागा होतो.

चित्रपटाचे खरे यश संयमात आहे. येथे प्रणय आहे तो दोन खुर्च्यांमधील अंतरात. वाक्पटुत्वासाठी ख्यात असलेल्या फाब्रिस लुशिनीला दिग्दर्शकाने ऐकावयास बसविले आहे, आणि ते ऐकणे आपल्याला त्याच्या चेहऱ्यावर दिसते. सांद्रीन बॉनेर हिची आन्ना किती खरे बोलते, ह्याविषयी शेवटपर्यंत शंका राहते. ती शंका राहू देण्यातच तिच्या अभिनयाची प्रतिष्ठा आहे.

परंतु एक प्रश्न उरतो. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणे घालतात ते उघड, चारचौघांच्या साक्षीने. ते कोणापुढे घातले जात आहे, ह्याविषयी कोणाच्याच मनात संदेह नसतो. आन्नाचे गाऱ्हाणे बंद दाराआडचे, आणि ऐकणारा भलताच. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे १२६ वे कलम संरक्षण देत असे. १ जुलै २०२४ पासून ते काम भारतीय साक्ष्य अधिनियमाचे १३२ वे कलम करते. दोन्हींची अट एकच : बोलणे व्यवसायाच्या कामानिमित्त झालेले असावे. आमच्या कायद्याच्या तराजूत घातले तर आन्ना ह्या कुंपणाबाहेरच राहील. तिचे गुपित राखणारे एकच उरते, ते म्हणजे ऐकणाऱ्याचा सज्जनपणा.

नेमके हेच लकोंत ह्यांनी फार सोपे करून ठेवले आहे. त्यांचा विल्यम जात्याच भिडस्त आणि निरुपद्रवी. जुनी खेळणी जमविणारा, एकटाच असताना खोलीत नाचणारा. अशा मनुष्याच्या असत्याला क्षमा करणे आपल्याला जड जात नाही. पण त्याच खुर्चीत एखादा धूर्त मनुष्य बसला असता, तर हेच मौन आपण विश्वासघात म्हणून ओळखले नसते काय? मौनाचा दोष मौन धरणाऱ्याच्या स्वभावाने कमी होत नाही. तो तोतयेपणा उघडकीस आल्यावर आन्ना संतापते, तो संताप रास्तच आहे. तो इतक्या लवकर निवळावा, हे मात्र कथेची सोय पाहून झाल्यासारखे वाटते.

तरीही आन्ना परत येते, ह्यात एक सत्य आहे. आता ऐकणारा वैद्य नाही हे तिला ठाऊक असते. म्हणजे दुसऱ्या वेळी ती ते दार चुकून नव्हे, निवडून उघडते. पहिल्या भेटीत तिची संमती नव्हती, ह्या भेटीत आहे. विल्यमचा पहिला अपराध त्यामुळे पुसला जात नाही. परंतु त्यानंतरचे संभाषण प्रामाणिक होते, आणि तेथपासूनच हा चित्रपट मला प्रेमकथा वाटला.