घराणे आणि नक्कल : रॉबर्ट डेव्हिडसन यांची काष्ठशिल्पे

वारसा चालविणाऱ्या कलावंताची परीक्षा आपण बहुधा एकाच मापाने करतो : पूर्वजांशी त्याचे किती जुळते? कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडील हायडा ग्वाय बेटांतले मूलनिवासी काष्ठशिल्पी रॉबर्ट डेव्हिडसन यांच्यापुढे हे माप तोकडे पडते.

डेव्हिडसन यांचा जन्म १९४६ सालचा. हायडा शिल्पपरंपरेतील थोर नाव चार्ल्स एडनशॉ (मृत्यू १९२०) हे त्यांचे पणजोबा, आजीचे वडील. हायडांत कुळ आईकडून येते; हत्यार मात्र डेव्हिडसन यांच्या हाती आजोबांनी व वडिलांनी दिले. पण हा वारसा सलग नव्हता. १८६२च्या देवीच्या साथीने गावेच्या गावे ओस पडली होती. ज्या दानसमारंभांत स्तंभ उभारले जात, मुखवटे नाचविले जात, ते 'पॉटलॅच' कॅनडाच्या सरकारने १८८५ पासून १९५१ पर्यंत कायद्याने बंद ठेवले. डेव्हिडसन ज्या मॅसेट गावात वाढले तेथे एकही जुना स्तंभ उभा राहिलेला नव्हता. पूर्वजांची मोठी कामे त्यांनी प्रथम पाहिली ती व्हँकुव्हरच्या संग्रहालयात. तेथेच १९६६ साली बिल रीड या ज्येष्ठ शिल्पकाराकडे ते उमेदवारीस राहिले.

१९६९च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी मॅसेटमध्ये तांबड्या सीडरचा सुमारे १२ मीटर उंचीचा स्तंभ उभारला. गावात स्तंभ उभा राहण्याची ही सुमारे ९० वर्षांतली पहिलीच वेळ. शिल्प म्हणून पाहता त्यात नवशिक्याचा सावधपणा दिसतो. त्यांची पुढची कामे याहून कितीतरी मोकळी आहेत. तरीही त्याचे मोल कमी होत नाही. स्तंभ उभारायचा तर गाणी हवीत, म्हणून गावची वृद्ध मंडळी एकत्र बसून विसरत चाललेली गाणी आठवू लागली. मुखवटा उरला नव्हता, तेव्हा एका आजीने कागदी पिशवीचाच मुखवटा केला. लाकडाने स्मृतीला वाट करून दिली.

हायडा कलेचा प्राण आहे तिची रेषा : मध्ये फुगणारी, टोकांना निमुळती होणारी आणि प्राण्याच्या सर्व अवयवांना एका ओघात बांधणारी. डोळ्यांचे व सांध्यांचे लंबगोल याच रेषेतून उमलतात. डेव्हिडसन यांनी एडनशॉ यांच्या आकृत्या उचलल्या नाहीत. त्यांनी हे व्याकरण आत्मसात केले. आपल्याकडे घराण्याचा गवई गुरूच्या ताना घोकतो, पण त्यांतच अडकला तर त्याला कोणी गवई म्हणत नाही, तसेच हे.

अलीकडच्या काळात ते ॲल्युमिनियममध्ये आणि कॅनव्हासवरही काम करतात. कधी एखादेच वळण इतके मोठे करतात की प्राणी ओळखूही येत नाही. 'हे हायडा कसले?' असा आक्षेप मग येतो. माझ्या मते रेषेचा तोल जोवर सुटत नाही तोवर तो टिकत नाही. मात्र दालनांच्या भिंतींवर लटकलेली कला आपल्या माणसांपासून तुटते, ही भीती खरी आहे. तिला त्यांचे उत्तर कृतीत आहे. १९८० साली भाऊ रेज यांच्यासह त्यांनी नृत्यसंघ स्थापन केला आणि आपले मुखवटे पुन्हा समारंभात आणले.

एके काळी कागदी पिशवीवर भागविणाऱ्या समाजाला स्वतःचा मुखवटा परत मिळाला. वारशाचा कस एवढाच : ज्यांचा तो आहे, त्यांच्या तो उपयोगी पडतो का?