दासोपंतांची निर्मितिप्रक्रिया : साक्षात्कार आणि लेखन

संतकवीच्या प्रेरणेचा विचार मराठी समीक्षेत बहुधा साक्षात्काराच्या कथेपाशी येऊन थांबतो. दर्शन घडले, वाणी फुटली, ग्रंथ सिद्ध झाला, असा हा क्रम असतो. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी श्रद्धेच्या आहेत. तिसरी साहित्याच्या कक्षेत येते, आणि नेमकी तिचीच चिकित्सा राहून जाते. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे लेखन केलेले दासोपंत (1551–1615) हे या उणिवेचे ठळक उदाहरण होय.

दासोपंतांचे चरित्र कथांनी वेढलेले आहे. महसुलाच्या थकबाकीपोटी बीदरच्या दरबारात ओलीस राहिलेला आणि दत्तकृपेने सुटलेला मुलगा, पुढे गृहत्याग, माहूर येथील तप, गोदाकाठच्या राक्षसभुवनी दत्तपादुकांचा लाभ, असा क्रम परंपरा सांगते. त्यांची निष्ठा दत्तात्रेयावर होती. एकनाथांचे समकालीन असूनही वारकरी परंपरेच्या मुख्य प्रवाहात ते सामावत नाहीत. प्रेरणेचे स्वरूप या कथांतून कळते. परंतु त्या प्रेरणेतून इतके विपुल आणि इतके निरनिराळे लेखन का झाले, याचे उत्तर त्यांत मिळत नाही.

‘गीतार्णवा’ची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लक्ष सांगितली जाते. ती ग्राह्य धरली तर गीतेच्या 700 श्लोकांपैकी प्रत्येकामागे सुमारे 180 ओव्या पडतात. सुमारे 9,000 ओव्यांच्या ज्ञानेश्वरीत हेच प्रमाण तेराच्या आसपास आहे. या तुलनेतून दासोपंतांवर पाल्हाळाचा आरोप सहज करता येतो. पण याच गीतेवर त्यांनी ‘गीतार्थबोधचंद्रिका’ ही आटोपशीर टीकाही लिहिली. ज्याला संक्षेप साधत होता त्याने विस्तार केला, तर तो विस्तार असमर्थतेतून आलेला नाही. एकाच संहितेकडे पुनःपुन्हा वळणे, तिच्या सान्निध्यात राहणे, हीच येथे उपासना झालेली दिसते. दररोज ढब्बूभर किमतीची शाई त्यांना लागत असे, या आख्यायिकेतही लोकस्मृतीने चमत्काराऐवजी लेखनश्रमच जपला आहे.

याहून बोलका पुरावा ‘पासोडी’चा आहे. पासोडी म्हणजे पांघरण्याचे जाडेभरडे कापड. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशा वस्त्रावर दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय ओव्या आणि आकृत्या यांच्या साहाय्याने मांडला. प्रत्येक सूक्ष्म भूताचे दोन भाग करावयाचे. एक अर्धा तसाच ठेवून दुसऱ्याचे चार भाग इतर चार भूतांत मिसळावयाचे. म्हणजे प्रत्येक स्थूल भूतात स्वतःचा अर्धा आणि इतर प्रत्येकाचा अष्टमांश येतो. हा विषय मुळातच विभागणीचा आणि मांडणीचा आहे. तो कानांनी धरून ठेवणे कठीण, डोळ्यांसमोर पसरला की सुगम. पोथीच्या सुट्या पानांपेक्षा सलग वस्त्र त्याला अधिक मानवते. येथे आशयानेच आपले माध्यम निवडले आहे. गाण्यासाठी पदे आणि पाहण्यासाठी पासोडी, असा विवेक करणारा कवी केवळ भावावेशाने लिहीत होता असे म्हणता येत नाही.

अर्थात विस्ताराचा हेतू कळला म्हणून प्रत्येक ओवी काव्य ठरत नाही. उपासनेतील पुनरुक्ती साधकाला पोषक असते. वाचकाला ती अनेकदा जड जाते. दासोपंतांच्या मूल्यमापनात हा ताण नाकारून चालणार नाही. मात्र तो ताण ओळखणे आणि केवळ ग्रंथाच्या आकाराने दिपून किंवा वैतागून जाणे, यांत अंतर आहे. श्रद्धेने पासोडीचे दर्शन घेतले. वाङ्मयेतिहासाने ओव्या मोजल्या. दासोपंतांनी प्रत्येक ग्रंथासाठी वेगळी मांडणी का निवडली, हे त्या त्या संहितेतून तपासणे हे समीक्षेचे काम आहे, आणि त्यासाठी आधी ते ग्रंथ सलग वाचले गेले पाहिजेत.