भंडाऱ्यांतील इतिहासकथन : साधनें आणि न्याय

भंडारा जिल्ह्यांत इतिहास, बोली आणि न्याय या तीन विषयांवर लोकांपुढें बोलण्याची प्रथा गेल्या कांहीं दशकांत रुजली आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या पुढाकारानें सुरू झालेलीं झाडीबोली साहित्य संमेलनें, आंबेडकर जयंतीच्या निमित्तानें होणारीं व्याख्यानें आणि दिवाळीनंतरच्या मंडईंत रात्रभर चालणारी दंडार हीं या प्रथेचीं मुख्य अंगें होत. संशोधकांच्या त्रैमासिकांत अशा लोकसभांचा विचार कशास, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर असें कीं, पोथ्या व कागद जमविणारांस ज्या साधनांची उणीव पुढें भासणार आहे, त्यांपैकीं पुष्कळशीं आज या सभांतून केवळ तोंडीं उच्चारलीं जातात आणि नोंद न होतां नष्ट होतात. म्हणून या कार्यक्रमांची कसोटी एकच असावी : लोकांपुढें अस्सल साधन ठेवलें जातें कीं त्याचा नुसता गौरव होतो?

बोलीच्या बाबतींत या कसोटीस बरेंच काम उतरतें. डॉ. बोरकरांनीं झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध केला, दंडारीवर लिहिलें आणि खेड्यांतील माणसास आपली वाणी अशुद्ध नव्हे हें पटवून दिलें. या बोलींत ण, ळ, श हे वर्ण नाहींत. पाणी तें पानी, डोळा तो डोरा, शेत तें सेत. जुन्या पोथ्या वाचणारास ही माहिती फार मोलाची आहे. तथापि येथेंच एक सावधगिरी सांगणें प्राप्त आहे. मुकुंदराजानें शके १११० मध्यें रचिलेला विवेकसिंधु वैनगंगेच्या कांठीं अंभोऱ्यास लिहिला गेला असें या प्रांतांत मानतात. मराठवाड्यांत तोच मान अंबेजोगाईस देतात. बोलीचें साम्य दाखवून हा वाद मिटत नाहीं. महानुभावांच्या पोथ्या तर पंजाबापर्यंतच्या मठांतून नकलल्या गेल्या. तेव्हां नकाराचा णकार झाला काय, णकाराचा नकार झाला काय, तो ग्रंथकाराचा कीं लेखकाचा, हें प्रत्येक पोथीपुरतें ठरवावें लागतें. लीळाचरित्रांत नीळभट्ट भांडारेकार येतो, तेवढ्यानें भंडाऱ्याचें नांव यादवकाळीं प्रचलित होतें इतकें निश्चित होतें. त्याहून अधिक त्यावर रचूं नये. पहिल्या जाजल्लदेवाच्या इ. स. १११४ च्या रतनपूर शिलालेखांत भाणाराचा उल्लेख आहे, त्याचीही मर्यादा हीच.

पवनीची गोष्ट निराळी आहे. तेथें १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं उत्खनन केलें आणि जगन्नाथ टेकडीवर प्राचीन स्तूपाचे अवशेष उघडे झाले. त्या अवशेषांवर दान करणाऱ्या साध्या उपासकांचीं नांवें ब्राह्मी अक्षरांत कोरलेलीं आहेत. शां. भा. देव व ज. प. जोशी यांचा वृत्तांत १९७२ त प्रसिद्ध झाला, परंतु इंग्रजींत. ज्या गांवच्या दगडावर तीं नांवें आहेत, त्या गांवच्या सभेंत तीं मराठींत वाचून दाखविलीं, तर श्रोत्यांस राजाच्या नांवापेक्षां तीं अधिक जवळचीं वाटतील. दोन हजार वर्षांपूर्वींच्या सामान्य माणसाचें नांव टिकलें तें कोणीतरी कोरून ठेवलें म्हणून, हा धडा त्यांतून सहज मिळतो.

याच धड्याची खरी परीक्षा न्यायाच्या विषयांत होते. १९५४ च्या पोटनिवडणुकींत डॉ. आंबेडकर भंडारा मतदारसंघांतून उभे होते. तो मतदारसंघ द्विसदस्य होता; राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले व सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. या पराभवाचा उल्लेख भाषणांतून होतो, पण त्या प्रचाराचीं हस्तपत्रकें, सभांच्या नोंदी, कार्यकर्त्यांचीं पत्रें यांचा पद्धतशीर संग्रह करण्याकडे जुन्या वस्तूंच्या शोधकांचें लक्ष गेलेलें नाहीं. मोडी कागद दिसतांच धांव घेणारा संग्राहक सायक्लोस्टाईल पत्रकाकडे पाठ फिरवितो, हा दोष आपलाच होय.

त्यापुढची परीक्षा अधिक कठोर आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजीं मोहाडी तालुक्यांतील खैरलांजी येथें एका दलित कुटुंबांतील आई, मुलगी व दोन मुलगे यांची हत्या झाली. २००८ त भंडाऱ्याच्या न्यायालयानें आठ जणांस दोषी ठरविलें व त्यांतील सहांस फांशीची शिक्षा दिली. २०१० मध्यें उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें ती जन्मठेपेवर आणली. दोन्ही न्यायालयांनीं या कृत्याचें मूळ सूडांत पाहिलें व अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाहीं. जातिद्वेषास येथें स्थान नव्हतें, हें मत दलित समाजानें मान्य केलेलें नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकास या मतभेदांत निर्णय देण्याची घाई नको; पण दोन्ही बाजूंचीं साधनें राखणें हें त्याचें कर्तव्य आहे. खेड्यांतला साक्षीदार बोलतो तें झाडीबोलींत, उतरलें जातें तें दफ्तरी मराठींत, आणि वरिष्ठ न्यायालयाचा निकाल हातीं येतो तो इंग्रजींत. या दोन पायऱ्यांत काय गळलें, हें झाडीबोलीच्या अभ्यासकाखेरीज दुसरा कोण सांगूं शकेल? ज्या बोलीच्या ण-न वर इतका वाद घातला जातो, तिचें सर्वांत मोठें काम येथें होतें.

आमची मुख्य तक्रार ही कीं, हे तीन विषय तीन वेगळ्या मांडवांत बसतात. संमेलनांत बोलीचा गौरव, पवनींत स्तूपाचा, जयंतीच्या सभेंत अन्यायाचा निषेध. एका मांडवांतला माणूस दुसऱ्यांत क्वचितच दिसतो. दक्षिण आफ्रिकेंतील केपटाऊन येथें डिस्ट्रिक्ट सिक्स नांवाच्या वस्तींतून वर्णभेदाच्या राजवटीनें लोकांस हुसकून लावलें. त्या लोकांच्या स्मृतीसाठीं १९९४ सालीं जें संग्रहालय उघडलें, त्याच्या जमिनीवर जुन्या वस्तीचा नकाशा पसरला असून पूर्वींचे रहिवासी आपापल्या घराची जागा त्यावर स्वतः लिहितात. पुरावस्तु, शब्द आणि न्याय तेथें एका ठिकाणीं येतात. भंडाऱ्यास हें अशक्य नाहीं.

याकरितां तीन गोष्टी सुचवितों. प्रत्येक संमेलनांत निदान एक अस्सल कागद, शिलालेखाचा ठसा किंवा निकालपत्र अर्थासह वाचावें. वृद्धांच्या तोंडची हकीकत त्यांच्याच बोलींत, उच्चार न सुधारतां, टिपून घ्यावी व तारीख, गांव आणि टिपणाराचें नांव घालावें. आणि १९५४ चीं पत्रकें, २००६ नंतरच्या सत्यशोधन समित्यांचे अहवाल, मोर्चांचीं हस्तपत्रकें एका ग्रंथालयांत ठेवावींत; जिवंत साक्षीदारांस त्रास पोंचेल असा मजकूर मात्र ठराविक वर्षें मोहोरबंद असावा. पवनीच्या उपासकांचीं नांवें दगडानें राखलीं. खैरलांजीची हकीकत कागदानेंच राखावी लागेल, आणि कागद जमविणें हें तर आपलें नित्याचें काम आहे.