पीएचपी नापास झाली, पण पेपर कुणी तपासला?

परवा संगमनेरला एम.एस्सी.च्या मुलांशी गप्पा मारायला गेले होते. पहिला प्रश्न ठरलेलाच: "मॅडम, मोठ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला जावा चांगली का पायथॉन?" मी तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून आवाज आला, "यावर पेपर आहे ना! स्टॅटिक टाइपवाल्या भाषांत बग कमी असतात, सिद्ध झालंय."

तो पेपर माझ्या चांगलाच ओळखीचा आहे. त्याच्या भरवशावर मी एक चूक करून बसले होते. आधी ती सांगते.

माझ्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टच्या वेळी जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेला आपलं जुनं फॉक्सप्रोमधलं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्येच बंद केला होता, त्यामुळे बदल भागच होता. संस्थेकडे एक मुलगा होता. त्याला पीएचपी छान यायची आणि व्याजाचे सगळे नियम तोंडपाठ. "याच्याकडूनच करून घेऊ का?" असं मला विचारलं गेलं. मी ऐटीत पेपरमधला तक्ता उघडून दाखवला: पीएचपी जास्त चुकांच्या बाजूला. काम बाहेर गेलं, जावात झालं. मार्चअखेरीला व्याज जमा करताना आकडे जुळेनात. तीन रात्री तिथल्या लोकांनी खाती हाताने तपासली. दोष जावाचा नव्हता. ज्याला नियम माहीत होते त्यालाच आम्ही बाजूला केलं होतं, आणि ते माझ्या सांगण्यावरून.

पेपर काय म्हणतो?

बैशाखी रे, डॅरिल पोस्नेट, व्लादिमिर फिल्कोव आणि प्रेमकुमार देवनबू यांचा हा पेपर २०१४ चा. गिटहबवरचे ७२९ प्रकल्प, १७ भाषा, सुमारे ८ कोटी ओळींचा कोड, २९ हजार लेखक, १५ लाख कमिट. निष्कर्ष थोडक्यात असा: स्टॅटिक टाइपिंग डायनॅमिकपेक्षा बरं, आणि फंक्शनल भाषा प्रोसीजरलपेक्षा थोड्या बऱ्या. ११ भाषांचा चुकांशी संबंध सांख्यिकीदृष्ट्या 'सिग्निफिकंट' निघाला.

एवढे मोठे आकडे बघितले की आपण मान डोलावतो. मीही डोलावली. पण रिसर्च करायचा तर इथेच थांबून विचारायला हवं: यांनी नेमकं मोजलं काय?

चूक मोजायची कशी?

बग थेट मोजता येत नाही. म्हणून त्यांनी कमिटच्या संदेशात 'एरर', 'बग', 'फिक्स' असे शब्द शोधले. शब्द सापडला की ती चूक-दुरुस्ती. आता बघा, कुणी लिहिलं "स्पेलिंग फिक्स केलं", तरी ती चूक. आणि ज्या टीमला संदेश नीट लिहायची सवयच नाही, तिच्या चुका मोजल्याच जाणार नाहीत! म्हणजे मोजली गेली ती लिहिण्याची सवय, आणि नाव दिलं कोडच्या गुणवत्तेचं.

२०१९ मध्ये एमरी बर्गर, यान विटेक आणि सहकाऱ्यांनी हा अभ्यास पुन्हा करून बघितला. कमिटचा एक नमुना त्यांनी माणसांकडून तपासून घेतला. 'बग' म्हणून धरलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के मुळात बग नव्हतेच.

दुसरी गंमत टाइपस्क्रिप्टची. ही भाषा जाहीर झाली २०१२ मध्ये, पण मूळ डेटात तिचे कमिट कितीतरी वर्षं आधीचे होते. कारण? भाषा ओळखली होती फाइलच्या शेपटावरून. क्यूटी नावाच्या टूलकिटमध्ये भाषांतराच्या फाइलींनाही तेच 'टीएस' शेपूट असतं. टाइपस्क्रिप्ट म्हणून मोजलेल्या निम्म्याहून जास्त प्रकल्पांत टाइपस्क्रिप्ट नव्हतीच.

तिसरा मुद्दा सांख्यिकीचा. एकाच डेटावर दहा-पंधरा भाषांची चाचणी घेतली, तर एखादी निव्वळ योगायोगानेही 'सिग्निफिकंट' निघू शकते. त्यासाठी निकष कडक करावा लागतो. तो केल्यावर आणि डेटा साफ केल्यावर ११ पैकी ४ भाषा उरल्या, आणि त्यांचाही परिणाम अगदी नगण्य. त्या चारांत पीएचपी नाही. हे वाचलं तेव्हा मला त्या तीन रात्री आठवल्या.

दोष एकट्या पेपरचा नाही

मूळ लेखकांनी या फेरतपासणीला लेखी उत्तर दिलंय, तेही वाचा. आणि न्याय करायचा तर हेही सांगायला हवं: भाषेचा परिणाम माफक आहे आणि प्रकल्पाचा, टीमचा, कमिटचा आकार त्याला पार झाकून टाकतो, हे मूळ पेपरच्या गोषवाऱ्यातच आहे. त्यांच्याच मॉडेलमध्ये भाषेचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. मी गोषवारा अर्धा वाचला आणि तक्त्यावर उडी मारली. मागच्या बाकावरच्या पोरानेही तेच केलं असणार.

तरी माझी मुख्य तक्रार पेपरवर आहेच. परिणाम इतका बारीक असेल तर भाषांना चांगल्या-वाईट बाजूंना बसवणारी मांडणी कशाला? वाचणारा तक्ता लक्षात ठेवतो, 'माफक' हा शब्द विसरतो.

याआधी २००० साली लुट्झ प्रेशेल्ट यांनी वेगळी वाट धरली होती. एकच काम, सात भाषा, ८० प्रोग्राम. पायथॉन, पर्लसारख्या भाषांत लिहायला साधारण निम्मा वेळ लागला. पण एकाच भाषेतल्या दोन प्रोग्रामरमधला फरक बऱ्याचदा दोन भाषांमधल्या फरकापेक्षा मोठा निघाला. नमुना लहान, पण प्रश्न स्वच्छ.

आपल्याकडचं एंटरप्राइझ

त्या १७ भाषांत कोबोल नाही, फॉक्सप्रो नाही. प्रकल्पही गिटहबवरचे लोकप्रिय. आपल्या जिल्ह्यातला साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था यांचा कोड तिथे कशाला असेल? म्हणून त्या निष्कर्षावरून इथला निर्णय घेणं म्हणजे कोकणातल्या पावसावरून पाथर्डीत पेरणी करणं.

ऊस बिलाचं घ्या. एफआरपी साखर उताऱ्यावर ठरते, त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार पैसे १४ दिवसांत द्यायचे असतात. इथे 'कमिटमध्ये फिक्स किती' हा प्रश्न निरुपयोगी आहे. नियम बदलल्यावर बिल बरोबर यायला किती दिवस लागले, आणि तो बदल मूळ माणूस नसताना दुसऱ्याला करता आला का, हे विचारा.

याचा अभ्यास करायची नैसर्गिक संधी आपल्याला मिळूनही गेली आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. प्रत्येक भाषेतल्या प्रत्येक बिलिंग प्रणालीला एकाच दिवशी, एकाच कायद्यासाठी बदलावं लागलं. वीस-पंचवीस संस्थांच्या नोंदी बघून सांगा: कुणाला किती दिवस लागले? नंतर किती बिलं रद्द करावी लागली? मूळ प्रोग्रामर तेव्हा तिथे होता का? हा शेवटचा प्रश्न विसरलात, तर पुन्हा माणसाचं श्रेय भाषेला द्याल.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "मग मॅडम, जावा का पायथॉन?" मी म्हटलं, "ते सॉफ्टवेअर पाच वर्षांनी कोण सांभाळणार आहे, त्याला आधी विचार."