पाच व्होडका, तीन स्पेक्ट्रम आणि एकही जीभ नाही

व्होडका म्हणजे जवळपास नुसतं इथेनॉल आणि पाणी. मग एक बाटली दुसरीच्या तिप्पट किमतीला का जाते, आणि ती खरंच वेगळी लागते का? यावर २०१० साली 'जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल अँड फूड केमिस्ट्री'मध्ये सिनसिनाटी आणि मॉस्कोच्या संशोधकांचा एक पेपर आला होता. पहिल्या वर्षी सेमिनारसाठी मी तोच घेतला. (विषय ऐकून वर्ग जागा राहील, हा खरा हेतू.)

पाच ब्रँडचे एनएमआर, इन्फ्रारेड आणि रामन स्पेक्ट्रम त्यांनी काढले. इथेनॉलच्या एका रेणूमागे पाण्याचे सुमारे ५.३ रेणू अशी एक रचना मिळाली, आणि तिचं प्रमाण ब्रँडनुसार बदलत होतं. इथपर्यंत काम चोख आहे. पुढे मात्र ते म्हणतात, की चवीची जाणीव या रचनेशी जोडलेली आहे. मी हे वाक्य स्लाइडवर ठळक अक्षरांत टाकलं. सरांनी एवढंच विचारलं, "अरे, पण चाखली कोणी?"

कोणीच नाही! मोजली रचना आणि निष्कर्ष चवीचा. घोट तोंडात गेला की लाळेत मिसळून पातळ होतो. मग बाटलीतली रचना जिभेपर्यंत तशीच पोचते का, हेही तपासायला हवं होतं. शिवाय साधी कारणं आधी बाजूला काढावी लागतात. अमेरिकेच्या नियमानुसार व्होडकात लिटरमागे २ ग्रॅमपर्यंत साखर चालते.

आता उलट बाजू बघा. २००५ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या चमूने २१ व्होडका नावं झाकून चाखल्या. पहिली आली स्मर्नॉफ, तेव्हा सुमारे १३ डॉलरची. दुपटीहून महाग बाटल्या तिच्या मागे राहिल्या. अर्थात चाखणारे मोजकेच होते, आणि इतके घोट घेतल्यावर जीभ थकतेच. म्हणून 'स्वस्तच चांगली' असंही त्यातून निघत नाही.

तुम्हाला स्वतः ठरवायचं असेल तर त्रिकोणी चाचणी करा. तीन पेले, दोघांत एकच व्होडका, तिसऱ्यात दुसरी. वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून १२ फेऱ्यांत निदान ८ बरोबर आल्या तरच फरक कळतो म्हणा. एका दिवशी दोन-तीनच फेऱ्या, आणि घोट थुंकून टाकायचा. पेले दुसऱ्याने भरायचे. फ्रीझरमधली बाटली नको, थंडीत वास आणि जळजळ दोन्ही दबतात. लेबलवरचे टक्केही बघा: आपल्याकडे बहुधा ४२.८, अमेरिकेत ४०, युरोपात ३७.५ सुद्धा चालतं. पाणी घालून दोन्ही सारख्या करा, नाहीतर तुम्ही चव नाही, अल्कोहोलचं प्रमाणच ओळखाल.

पीत नसाल तर दोन कंपन्यांचं बाटलीबंद पाणी घ्या. मी तेच घेतलं होतं. १२ पैकी ५.