अंधारयुग आणि श्रद्धायुग यांच्या पलीकडे
मध्ययुगीन युरोपवरील काही वाचनीय ग्रंथ

मध्ययुगीन युरोपाविषयी आपल्या मनात दोन चित्रे असतात, आणि ती दोन्ही आपल्याला आयती मिळालेली असतात. पहिले चित्र शाळेच्या क्रमिक पुस्तकातले. रोमन साम्राज्य कोसळले, हजार वर्षे अंधार पसरला, धर्मगुरूंनी लोकांना अज्ञानात ठेवले आणि मग एके दिवशी प्रबोधनाचा सूर्य उगवला. दुसरे चित्र धर्मशिक्षणाच्या वर्गातले. त्यात गगनाला भिडणारी कॅथीड्रले आहेत, असिसीचे संत फ्रान्सिस आहेत, संत थॉमस अक्वायनस आहेत आणि सारा युरोप एका श्रद्धेत गुण्यागोविंदाने नांदतो आहे. आमच्या पिढीचे बालपण या दोन चित्रांमध्ये गेले. परीक्षेत अंधार लिहायचा आणि रविवारी उजेड सांगायचा, यात काही विसंगती आहे असे आम्हांला कधी वाटले नाही.

पुढे मुलांनी तोच प्रश्न घरी विचारला, तेव्हा मात्र उत्तर देता येईना. त्या निमित्ताने गेली काही वर्षे या विषयावरचे जे ग्रंथ इंग्रजीतून वाचण्यात आले, त्यांपैकी काहींचा परिचय आणि परामर्श येथे करून द्यावा असा विचार आहे. हा विषय केवळ प्राध्यापकांचा आहे असे कोणी समजू नये. दोन नोव्हेंबरला आपण मृतांचे स्मरण करतो, ती प्रथा क्लूनीच्या मठाचे ॲबट ओडिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे आणि पुनरुत्थानाच्या काळात ख्रिस्तप्रसाद स्वीकारावा, हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन महासभेचा. ख्रिस्तशरीराचा सण पोप चौथे अर्बन यांनी १२६४ मध्ये सर्वत्र लागू केला. आपल्या धर्मग्रामाच्या वर्षचक्रातला मोठा भाग त्या तथाकथित अंधारात घडला आहे. म्हणून तो काळ कसा होता हे कळणे म्हणजे आपल्या घराचा पाया उकरून पाहण्यासारखे आहे.

निवड करताना एकच कसोटी लावली. राजे, पोप आणि लढाया यांच्या गर्दीतून त्या काळचा सामान्य श्रद्धावंत या पुस्तकात आपल्याला भेटतो का?

या कसोटीला पहिल्याच वाचनात उतरणारे पुस्तक म्हणजे आयलीन पॉवर यांचे ‘मिडिव्हल पीपल’. ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. पॉवरबाई पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आर्थिक इतिहासाच्या प्राध्यापिका झाल्या. पुस्तक लिहिण्यापूर्वी १९२०-२१ मध्ये त्या भारत आणि चीन या देशांत प्रवास करून गेल्या होत्या. पुस्तकात सहा माणसांची चरित्रे आहेत आणि पहिले आहे बोदो नावाच्या शेतकऱ्याचे. पॅरिसजवळच्या सँ-जर्मेन मठाचे ॲबट इर्मिनाँ यांनी नवव्या शतकाच्या प्रारंभी मठाच्या जमिनींची एक नोंदवही करविली होती. कोणत्या कुळाकडे किती जमीन, घरात माणसे किती, मठाला किती दिवस राबायचे, किती कोंबड्या आणि किती अंडी द्यायची, सारे त्यात लिहिलेले. त्या कोरड्या वहीतून पॉवरबाईंनी बोदो, त्याची बायको एर्मेंत्रूद आणि त्यांची तीन मुले यांचा एक दिवस उभा केला आहे. शेतात मंत्रतंत्र करणारा बोदो आणि त्या मंत्रांत ख्रिस्ताचे नि मरियेचे नाव घालून त्यांना सामावून घेणारी ख्रिस्तसभा, हे वर्णन वाचताना आपल्याकडच्या सुगीच्या जुन्या चालीरीती आठवल्यावाचून राहत नाहीत.

या पुस्तकाचा दोष त्याच्या गुणातच आहे. लेखिकेची कल्पकता इतकी सहज आहे की नोंदवही कोठे संपली आणि कल्पना कोठे सुरू झाली हे वाचकाला समजत नाही. त्यातली माणसेही एकूण सुखवस्तू आणि प्रसन्न आहेत. दुष्काळ आणि महामारी यांची सावली त्यांच्यावर फारशी पडत नाही. तरीही घरात सर्वांनी मिळून वाचायचे पहिले पुस्तक कोणते, असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन.

दुसरा ग्रंथ अधिक भारदस्त आहे. योहान हुइझिंगा या डच इतिहासकाराचा ‘मध्ययुगाचा शरदऋतू’ हा ग्रंथ १९१९ साली प्रसिद्ध झाला. हुइझिंगा मूळचे संस्कृतचे अभ्यासक. संस्कृत नाटकातील विदूषक या विषयावर त्यांनी १८९७ मध्ये डॉक्टरेट मिळविली होती. चौदाव्या आणि पंधराव्या शतकांतील फ्रान्स व नेदरलँड्स येथील माणसांची मनोवृत्ती हा त्यांचा विषय. घंटांचा नाद, मिरवणुका, रडणारे राजे, मृत्यूची भेसूर चित्रे या साऱ्यांनी ग्रंथ भारलेला आहे. परंतु त्यांचे बहुतेक साक्षीदार बर्गंडीच्या दरबारातले. दरबार थकला होता, म्हणून सारे युग थकले होते, आणि त्या काळची भक्ती म्हणजे अति पिकून गळायला आलेले फळ होते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख आहे. हे शैलीचे पुस्तक आहे आणि ते त्या आनंदासाठी वाचावे. निष्कर्ष मात्र जपून घ्यावेत.

आर. डब्ल्यू. सदर्न यांचे ‘द मेकिंग ऑफ द मिडल एजिस’ (१९५३) हे त्या मानाने लहान पुस्तक. ९७२ ते १२०४ एवढाच काळ त्यात आहे. त्याचे शेवटचे प्रकरण आपल्या प्रत्येक घराशी संबंधित आहे. क्रूसावरचा ख्रिस्त पूर्वी विजयी राजासारखा दाखविला जाई. या काळात तो मान टाकलेला, वेदनांनी पिळवटलेला मनुष्य म्हणून दिसू लागला. संत आन्सेल्म आणि संत बर्नर्ड यांच्या चिंतनातून हा बदल कसा घडला, हे सदर्न यांनी अतिशय हळुवारपणे दाखविले आहे. आपल्या देव्हाऱ्यातील क्रूसमूर्ती कोणत्या शतकाची लेक आहे, ते या प्रकरणाने कळते.

आता ज्या दोन ग्रंथांसाठी हा लेख लिहावासा वाटला, त्यांच्याकडे वळतो.

पहिला, एमान्युएल ल रॉय लादुरी यांचा ‘माँतायू’ (१९७५). पिरेनीज पर्वतातील अडीचशे वस्तीचे हे खेडे. तेथे कॅथार हे पाखंडी मत शिरले होते. हे दृश्य जग दुष्ट शक्तीने निर्माण केले, असे मानणारे ते मत. पामिए येथील बिशप जाक फुर्निए यांनी १३१८ ते १३२५ या काळात इन्क्विझिशनच्या अधिकाराने आपल्या प्रदेशातील संशयितांच्या चौकश्या केल्या आणि प्रत्येक जबानी लिहून घेतली. हेच फुर्निए १३३४ मध्ये पोप बारावे बेनेदिक्त झाले आणि ती वही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सुरक्षित राहिली. तिच्यावरून लादुरी यांनी एका खेड्याचे संपूर्ण जीवन उभे केले आहे. उन्हात बसून एकमेकींच्या उवा काढणाऱ्या बायका, कळप घेऊन डोंगर ओलांडणारा पिएर मोरी हा गरीब पण स्वच्छंदी मेंढपाळ, आणि मरणानंतर आत्मा कोठे जातो यावर चुलीजवळ चाललेल्या चर्चा. गावचा धर्मगुरू पिएर क्लेर्ग याचे चित्र तर कोणत्याही श्रद्धावंताला अस्वस्थ करील. तो पाखंड्यांशी संधान बांधतो, इन्क्विझिशनशीही सूत ठेवतो, अनेक स्त्रियांशी संबंध ठेवतो आणि अखेर तुरुंगात मरतो.

असे पुस्तक आपल्या घरात असावे काय, हा प्रश्न मला एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी सरळ विचारला. माझे उत्तर, असावे. क्लेर्ग हा सर्व धर्मगुरूंचा प्रतिनिधी नाही, हे लहान मुलालाही कळते. पण या गावातील शेतकऱ्यांच्या तोंडचे शब्द जगाला मिळाले ते त्यांना भीती दाखवून, हे मोठ्यांनीही विसरता कामा नये. जबानी देणाऱ्यांपैकी काहींना तुरुंगवास झाला, काहींना अंगावर पिवळे क्रूस शिवून वावरावे लागले, आणि थोड्यांना जिवंत जाळण्यात आले. ज्या क्रूसापुढे आपण गुडघे टेकतो, तोच येथे शिक्षेचे चिन्ह झाला. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या जुलमांबद्दल जाहीरपणे परमेश्वराची क्षमा मागितली. त्या प्रार्थनेचा अर्थ ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याने हे पुस्तक वाचावे.

मात्र लादुरी यांच्यावरच माझा मुख्य आक्षेप याच ठिकाणी आहे. शेतकरी ओक्सितान भाषेत बोलले, लेखनिकांनी ते लॅटिनमध्ये उतरविले, लादुरींनी फ्रेंचमध्ये आणले. समोर न्यायाधीश आणि मागे तुरुंग असताना माणूस जे बोलतो, ते त्याच्या अंगणातले बोलणे असते काय? लादुरी ही वही जणू एखाद्या संशोधकाने प्रेमाने केलेली मुलाखत असल्यासारखी वाचतात. लेनर्ड बॉइल या डॉमिनिकन विद्वानांनीही या ग्रंथाची कठोर चिकित्सा केली होती. पुढे तेच व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख झाले. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. मेंढपाळांना आत्म्याच्या गतीविषयी खोदून खोदून विचारणारे फुर्निए पोप झाल्यावर १३३६ मध्ये त्याच विषयावर अधिकृत शिकवण जाहीर करतात : शुद्ध झालेले आत्मे अंतिम न्यायापूर्वीच परमेश्वराचे दर्शन घेतात. चुलीजवळचा प्रश्न आणि पोपच्या आसनावरील उत्तर ही दोन्ही एकाच युगाची होती.

दुसरा ग्रंथ म्हणजे ईमन डफी यांचा ‘द स्ट्रिपिंग ऑफ द ऑल्टर्स’ (१९९२). डफी हे केंब्रिजमध्ये अध्यापन केलेले आयरिश कॅथलिक. १४०० ते १५८० या काळातील इंग्लंडमधील धर्मग्रामांचे जीवन हा त्यांचा विषय. धर्मसुधारणेच्या पूर्वीची कॅथलिक श्रद्धा पोखरलेली होती, लोक तिला कंटाळले होते, हे मत इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. डफींनी मृत्युपत्रे, हिशेबवह्या, प्रार्थनापुस्तके आणि रंगविलेल्या लाकडी पडद्यांवरचे संत साक्षीला आणून ते खोडून काढले. मेणबत्त्यांचा सण, संघ-सोदॅलिट्या, मृतांची नावे वाचून दाखविण्याची यादी, हे सारे लोकांनी आपल्या पैशाने आणि आवडीने चालविले होते. हुइझिंगांना जे फळ गळायला आलेले दिसले, ते डफींना फांदीवर रसरशीत दिसते. देश वेगळे आहेत हे खरे, पण मुख्य फरक साक्षीदारांचा आहे. एकाने दरबार पाहिला, दुसऱ्याने धर्मग्राम.

या ग्रंथावर आक्षेप घेता येतात. लॉलार्ड पंथीयांना, असंतुष्टांना, धर्मगुरूंशी भांडणाऱ्यांना डफी फारशी जागा देत नाहीत. लोकांचे एवढे प्रेम होते तर वेद्या इतक्या लवकर उजाड कशा झाल्या, या प्रश्नाला राजाज्ञेपुढे लोकांनी मान तुकवली हे त्यांचे उत्तर पुरेसे वाटत नाही. जणू या आक्षेपांना जाब म्हणून त्यांनी २००१ मध्ये ‘द व्हॉइसेस ऑफ मोअरबाथ’ हे छोटे पुस्तक लिहिले, आणि ते मला अधिक आवडते. डेव्हनमधील तेहतीस कुटुंबांचे हे गाव. सर ख्रिस्तोफर ट्रिकी हे १५२० ते १५७४ अशी चोपन्न वर्षे तेथे धर्मगुरू होते आणि चर्चचे हिशेब ते स्वतः लिहीत. संतांच्या नावाने मेंढ्या पाळायच्या आणि लोकर विकून त्या संतापुढे मेणबत्ती लावायची, अशी तेथील रीत. मृतांच्या मिस्सेसाठी काळी वस्त्रे घ्यावीत म्हणून त्यांनी वीसएक वर्षे पैसा पैसा जमविला, आणि वस्त्रे आली तेव्हा असल्या मिस्सेवरच बंदी येऊ घातली होती. १५४९ च्या बंडात या गावाने आपले पाच तरुण पाठविले, हे त्या वहीतील खर्चाच्या नोंदींवरून कळते. आक्रोश कोठेच नाही, केवळ जमाखर्च आहे. वाचताना मात्र डोळे ओलावतात.

शेवटी आपल्याशी प्रत्यक्ष संबंध असलेला एक ग्रंथ. रॉबर्ट बार्टलेट यांचा ‘द मेकिंग ऑफ युरोप’ (१९९३) ९५० ते १३५० या काळाचा आहे. युरोप हा आधी स्वतःच जिंकला आणि वसविला गेला, असे त्यांचे म्हणणे. एल्बेच्या पूर्वेला जर्मन, आयर्लंडमध्ये इंग्रज, इबेरियात कॅस्टिलियन आणि पोर्तुगीज. गड, सनदा, मठ, बिशपांची आसने आणि संतांची नावे हा जणू एक साचाच होता. तो घेऊन ही माणसे पुढे सरकत गेली आणि जिंकलेल्यांनी हळूहळू आपल्या मुलांना त्यांची नावे दिली. १११ व्या पानापर्यंत पोहोचण्याचा धीर नसेल, तर नावांवरचे प्रकरण तेवढे वाचावे. लिस्बन ११४७ मध्ये घेतले गेले, सेऊता १४१५ मध्ये, वसई १५३४ मध्ये. वसईच्या कोटात जो साचा आला तो समुद्रावर घडलेला नव्हता, तो मध्ययुगात घडला होता. आपली आडनावे, आपली चर्चे आणि आपली श्रद्धा त्याच वाटेने आली. ती वाट जिंकणाऱ्यांची होती, आणि तरी त्या वाटेने आलेले सारेच जिंकणाऱ्यांचे उरले नाही, हे आपण आपल्या अनुभवाने जाणतो. बार्टलेट साच्याचे वर्णन उत्तम करतात. साच्यात ओतलेल्या माणसाने त्याचे पुढे काय केले, हे सांगायला ते थांबत नाहीत. ते काम आपले आहे.

तेव्हा अंधारयुग की श्रद्धायुग? हे ग्रंथ वाचल्यावर हा प्रश्नच चुकीचा वाटू लागतो. त्या हजार वर्षांत बोदो होता, क्लेर्ग होता, फुर्निए होते आणि सर ख्रिस्तोफरही होते. एकाच ख्रिस्तसभेची ती लेकरे. एकाची लाज वाटते म्हणून दुसऱ्याचा अभिमान सोडण्याचे कारण नाही, आणि अभिमान आहे म्हणून लाज झाकण्याचेही नाही.

एक विनंती करून थांबतो. यांतील तीन ग्रंथ कोणा ना कोणाच्या वहीवर उभे आहेत. एका जुन्या धर्मग्रामात मी मृतांच्या नोंदींचे एक पुस्तक पाहिले. कोपरे वाळवीने खाल्ले होते आणि ते मेणबत्त्यांच्या खोक्याखाली पडले होते. त्यात कोणी सर ख्रिस्तोफर असतील. आपापल्या चर्चचे जुने हिशेब, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या कोठे आहेत, हे प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी विचारावे.